श्रीकांतला विचारू का?

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसले तरी नेमकं हे सोडून बाकी सगळं बोलून घेते आणि उठते. आज बोलायचं म्हणते आहे. पण सुरुवात आनंदातून करावी लागेल, त्याला इलाज नाही. कारण जे झालं ते आनंदात झालं. अहो, मी त्या वर्षी इतकी खुशीत होते, की काय सांगू!

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही ग्लासगोला टेनेमेंटच्या, म्हणजे तिथल्या जुन्या दगडी चाळीच्या, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. श्रीकांत, माझा नवरा, हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. कन्सल्टंटची पोस्ट निघाली की हा अर्ज करायचा, आणि पोस्ट दुसऱ्यालाच मिळायची. मी पुण्याहून एम.एस्सी. होऊन आलेली, आणि दिवसभर हीटरजवळ बसून स्वेटर विणणारी. मूल होत नव्हतं. दर महिन्याला रडायचं, मग डोळे पुसून कुकर लावायचा, असं चाललं होतं.

आणि मग खालच्या मजल्यावरच्या रूथनं मला चहाला बोलावलं. रूथ ज्यू होती. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, नवरा गेलेला. गुरुवारी दुपारी तिच्या फ्रंट रूममध्ये चार-पाच बायका जमायच्या आणि ती कबाला समजावून सांगायची. कबाला म्हणजे त्यांच्या धर्मातली गूढ विद्या, आपल्याकडे वेदान्त म्हणतो ना, त्या वळणाची. मी गेले होते तिच्या लेमन केकसाठी, खोटं कशाला बोलू?

पण त्या दिवशी तिनं भांड्यांची गोष्ट सांगितली. देवानं जग करताना आपला उजेड भांड्यांत ओतला. भांड्यांना तो पेलवेना, ती फुटली. उजेडाच्या ठिणग्या त्या खापरांना चिकटून जगभर विखुरल्या. आता माणसाचं काम काय? जिथं फुटलंय, जिथं दुखतंय, तिथंच हात घालायचा आणि ठिणगी वेचायची.

अगं बाई! मला सांगा, रोज रडणाऱ्या बाईला असं कुणी सांगितलं तर तिचं काय होईल? मी तिसऱ्या मजल्यापर्यंत अक्षरशः पळत गेले. श्रीकांत घरी आला तेव्हा त्याला दारातच धरून सगळी गोष्ट ऐकवली. तो म्हणाला, बूट तरी काढू दे! मला वाटायला लागलं, आपलं काही वाया गेलेलं नाही. नाकारलेली पोस्ट, रिकामा पाळणा, तो मेला ग्लासगोचा पाऊस, सगळ्याला अर्थ आहे. आणि खरंच सांगते, माझं रडणं थांबलं. ते खोटं नव्हतं. आजही मी ते खोटं म्हणणार नाही.

रूथची एकच अट होती. पहिल्याच दिवशी तिनं ती घातली होती, केक कापता कापता. हे सगळं स्वतःच्या दुखण्यासाठी आहे, म्हणाली. दुसऱ्याच्या दुखण्याचा अर्थ आपण सांगायचा नाही. दुसऱ्याला आधी डॉक्टर, मग गरम सूप, मग जवळ बसणं. अर्थ लागलाच तर त्याचा त्याला लागेल. मी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली.

पण माझा स्वभाव! चांगली साडी मिळाली तरी दुकानाचा पत्ता दहा जणींना दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि इथं तर देवाचा उजेड सापडला होता — तो मी पोटात ठेवणार? तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायकांना सांगितलं. लंडनला वेम्बलीत राहणाऱ्या नणंदेला फोनवर सांगितलं, ती बिचारी घारग्यांची कृती विचारत होती. सुनंदाला तर उठता-बसता सांगायची. सुनंदा माझी ग्लासगोतली सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचा नवरा विनायक इंजिनिअर. त्याच सुमारास त्याचा कारखाना बंद पडला, तो रिडंडंट झाला, घरी बसला. त्या दोघांना एक मुलगी, तेव्हा शाळेत जाणारी.

आता येते त्या दिवसावर. येते म्हणते, आणि बघा, अजून इकडंतिकडंच करते आहे.

आमच्याकडे गणपती. पुण्याहून मांडीवर धरून आणलेली मूर्ती, आरतीला सगळी मराठी मंडळी. आपल्या पद्धतीनं पुरुषांची पंगत आधी. श्रीकांत बाहेर सगळ्यांबरोबर जेवायला बसलेला, मी स्वयंपाकघरात मोदक वळत होते. विनायक उशिरा आला, आणि बाहेर न बसता थेट आत आला, ओट्याला टेकून उभा राहिला. मला वहिनी म्हणायचा. बायकोशी बोलायच्या नाहीत अशा गोष्टी ही माणसं वहिनीशी बोलतात, तुम्हाला माहीतच असेल.

छातीवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, हल्ली जिना चढलो ना, की इथं कुणी बसल्यासारखं वाटतं. सुनंदाला बोलू नका, ती घाबरते. श्रीकांतला विचारू का?"

आणि मी — माझे हात उकडीनं भरलेले, डोक्यात रूथची भांडी, अंगात नुसता उत्साह — मी हसले. म्हटलं, "त्याला काय कळतंय! मला विचारा, भावजी."

हे बोलले मी. वीस पावलांवर डॉक्टर जेवत बसलेला असताना.

मग त्याला समजावून सांगितलं. किती छान सांगितलं! उजेड जास्त आणि भांडं लहान असलं की दाटतं. नोकरी गेली म्हणजे तुमचं जुनं भांडं फुटलंय, आता मोठं घडतंय. घाबरायचं नाही, हे दडपण म्हणजे उजेडच आहे. मी बोलत होते आणि त्याचा चेहरा खुलत होता. कितीतरी आठवड्यांत कुणी त्याला सांगितलं नव्हतं, की त्याचं काही चांगलं होतंय. तो म्हणाला, "वहिनी, बरं वाटलं बघा." दोन मोदक उभ्यानंच खाल्ले, तूप मागून घेतलं, आणि बाहेर जाऊन रात्रीच्या आरतीत सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. श्रीकांतला त्यानं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. विसरले असं नाही. मला वाटलं, काम झालं.

दसरा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत विनायक जॉब सेंटरमधून, तिथल्या सरकारी नोकरी-कचेरीतून, परतताना बसस्टॉपवर कोसळला. हार्ट. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं.

मी पिठलं-भात करून सुनंदाकडे नेला. तिनं ताटाला हात लावला नाही. माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "तुला काही बोलला होता का गं? तुझ्याशी बोलायचा तो."

मी म्हटलं, "नाही."

इतकंच. त्या एका शब्दावर पुढची सगळी वर्षं उभी आहेत. ती म्हणाली, मग मलाच दिसायला हवं होतं, मी कसली बायको! आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. घरी श्रीकांत रात्रभर खुर्चीत बसून म्हणत होता, माझ्या घरी तीन जिने चढून आला, माझ्यासमोर आरतीला उभा राहिला, आणि मला त्याचा चेहरा वाचता आला नाही? मी त्यालाही चहा करून दिला. दोघांचं ओझं मला दिसत होतं. एका वाक्यात उतरवता आलं असतं ना? मी उतरवलं नाही.

रूथकडे जाणं मी सोडलं. ती सूप घेऊन वर आली, दार वाजवलं. मी आतून कडी न काढता डोकं दुखतंय म्हणाले.

आणि पुढचं ऐका. वर्षभरानं सुनंदानं मलाच विचारलं, तुझी ती उजेडाची गोष्ट मला नीट शिकवशील? मी शिकवली! काय करणार, नाही म्हणायला तोंड कुठं होतं? आणि लाज वाटते सांगायला, पण शिकवताना माझा तो जुना उत्साह परत आला. भांडी, ठिणग्या, सगळं सगळं दिलं तिला. रूथची अट तेवढी दिली नाही. ती सांगितली असती तर ती कशावरून आठवली, हेही सांगावं लागलं असतं. सुनंदा हळूहळू सावरली. सगळ्यांना सांगते, हिनं मला तारलं.

आता ती ब्रिस्टलला लेकीजवळ असते. हॉस्पिटलात आजारी माणसांना भेटायला जाते, आणि रविवारी मला फोन करून भरभरून सांगते, आज कुणाला कसा अर्थ समजावला, त्याचा चेहरा कसा खुलला. तिच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येतो, तसाच, आनंदानं धापा टाकणारा. मी म्हणते, वा, छान. परवा कुणी म्हातारे गृहस्थ तिला म्हणाले, बरं वाटलं बघा. तेव्हाही मी वा म्हटलं.

आणि श्रीकांत — गणपतीला दारात उभा राहतो. जिना चढून आलेल्या प्रत्येकाचं मनगट धरतो, दम लागतो का, छातीत काही होतं का, विचारतो. लोक हसतात. डॉक्टर, आधी प्रसाद तर द्या, म्हणतात. पोरं त्याची नक्कल करतात. तो कुणालाही विचारल्याशिवाय आत सोडत नाही, कारण त्याला वाटतं, त्या वर्षी विचारायचं त्याच्याकडून राहिलं.

माझ्या बाकीच्या सगळ्या दुखण्यांत मी ठिणगी शोधली, आणि सापडलीही. ह्यात शोधत नाही. ह्याही वर्षी मी आत मोदक वळत होते आणि तो दारात विचारत होता. त्याचा शब्द न् शब्द ओट्यापाशी ऐकू येत होता. म्हणजे त्या दिवशी मी ओट्याजवळून हाक मारली असती, तर त्यालाही ऐकू गेली असती.