भाऊंनी माइक ठेवला

माणूस रिटायर होतोय असं कळलं की शाल-नारळाच्या आधी त्याचे किस्से यायला लागतात. भालेराव भाऊंच्या वेळी तर चहाच्या टपरीवर एकाचा किस्सा अर्धा झाला की दुसरा म्हणायचा, "थांब, तू चुकीचा सांगतोयस, मी तिथं होतो."

भाऊंनी लोणावळ्याच्या आमच्या केबल चॅनलवर पंचवीसेक वर्षं फुटबॉलची कॉमेंट्री केली. मी त्यांच्या शेजारी बसून कॅमेरा सांभाळायचे आणि स्क्रीनवर स्कोअर टाकायचे. तेव्हा माझ्याकडचा माल खात्रीचा आहे. काही किस्से तर मी थोडे कमी करूनच सांगतेय.

*

भाऊ मूळचे तिकोणा पेठ गावचे, नोकरी रेल्वेत, तिकीट खिडकीवर. कॉमेंट्रीत ते आले घसा बसल्यामुळे. त्यांचा नाही, दुसऱ्याचा.

चॅनलचे मालक दिनेशशेठ, चिक्कीवाले. त्यांनी पहिल्या स्पर्धेला कॉमेंट्रीसाठी एक प्राध्यापक बोलावले होते आणि ऐनवेळी प्राध्यापकांना आवाजच फुटेना. भाऊ प्रेक्षकांत बसून शेजारच्यांना खेळ समजावत होते, ते शेठना पार टेबलापर्यंत ऐकू येत होतं. शेठनी माइक उचलून त्यांच्या हातात दिला.

दहा मिनिटांत ऑफसाइड झाला. शेठ हळूच म्हणाले, "जरा समजावून सांगा, लोकांना हे नवीन आहे."

भाऊ माइकवर म्हणाले, "मंडळी, लग्नात पंगत बसायची हाय. यजमानांनी 'चला' म्हणायच्या आदीच एकजण त्यांच्या मागनं जाऊन पानावर बसला. त्याला वाढतील का? न्हाई. उठवतील. तसा ह्याला उठवला."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा घसा सुटला. शेठनी त्यांना घरी काढा पाठवला आणि निरोप दिला, "आठवडाभर अजिबात बोलू नका."

*

भाऊंचा आवाज हळूहळू इतका ओळखीचा झाला की तिकीट खिडकीवर पंचाईत व्हायला लागली. लोकांना खिडकीतून चेहरा नीट दिसायचा नाही, पण "कुटं जायचं?" एवढं ऐकलं की माणूस तिथंच थबकायचा.

एकदा गाडी यायची वेळ झालेली, मागं ही मोठी रांग. पुढचा गृहस्थ म्हणाला, "दोन पुणे रिटर्न. आणि भाऊ, कालची पेनल्टी चुकीची होती की नाही?"

भाऊंनी तिकिटं पुढं सरकवली. "बरोबर होती. हात लागलेला. पुढचे कोण?"

पुढचा म्हणाला, "मला तिकीट नकोय. पण हात कुठं लागला होता?"

*

आमच्याकडं पावसाळ्यात मॅच म्हणजे धुक्याशी गाठ. एका वर्षी सेकंड हाफला अख्खं ग्राउंड गायब झालं. माझ्या कॅमेऱ्यात नुसतं पांढरं. शेठ हेडफोनवर म्हणाले, "भाऊ, थांबू नका. काहीतरी रचून सांगा, कुणाला कळतंय?"

भाऊंनी माइकवर हात ठेवला. "शेठ, मला दिसलं न्हाई ते मी सांगायचा न्हाई." हात काढला आणि म्हणाले, "मंडळी, बॉल कुटं हाय मला ठावं न्हाई. तवर इंद्रायणी भाताच्या लावणीचं बोलू."

वीस मिनिटं त्यांनी भातलावणी सांगितली. रोप कधी उपटायचं, चिखल किती करायचा, खाचरात पाणी किती धरायचं. खताकडं वळले आणि धुकं उठलं. खेळाडू दिसायला लागले, भाऊ लगेच मॅचवर आले.

मिनिटभरात ऑफिसचा फोन वाजला. कुरवंड्याच्या एक बाई होत्या. "ती मॅच बंद करा. खताचं अर्धं राहिलं."

*

भाऊंच्या ह्या खरं बोलण्याचा त्रास खेळाडूंनाही झाला. आमच्या एका टीमचा नंबर सात, संतोष, कंपनीत कामाला होता. पाठीत चमक भरली म्हणून सुट्टी टाकून तो मॅचला आला. भाऊंना हे काय माहीत? त्यांनी टीव्हीवर तोंडभरून कौतुक केलं, "काय वाकला संतोष, काय उडाला, ह्या माणसाच्या पाठीला हाडच न्हाई."

सोमवारी सुपरवायझरनं संतोषला बोलावून विचारलं, "हाड परत बसलं का?"

मग खेळाडूंनी एक पद्धत पाडली. मॅचच्या आधी येऊन भाऊंना सांगायचं, कोण खरंच सुट्टीवर आहे आणि कोण आजारपण सांगून आलाय. भाऊ म्हणाले, "खोटं नाव घेणार न्हाई. पण नावच घेतलं न्हाई तर चालंल."

पुढच्या मॅचला दोन्हीकडचे मिळून नऊजण आजारी होते. आणि विजयी गोलच्या वेळी अख्ख्या लोणावळ्यानं ऐकलं, "नंबर सात, ज्यांचं नाव मला आज घेता येत न्हाई, त्यांनी नंबर चारकडनं पास घेतला, जे आज दवाखान्यात हायेत, आणि गोल."

*

रेल्वेनं भाऊंना वेळेवर रिटायर केलं होतं. टीव्हीवरून ते स्वतःच झाले, ते यंदा.

दोन वर्षांपासून त्यांची नजर अधू होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, चष्म्यानं भागायचं नाही. लांबचे नंबर दिसेनात, म्हणून मी हळूच सांगायला लागले. मी कुजबुजायचे "पाच", ते माइकवर म्हणायचे "पाच नंबर". कुणाला पत्ता लागला नाही.

यंदा सेमीफायनलला गोलसमोर गर्दीत बॉल आत गेला. मी म्हटलं "दहा". भाऊंनी दहा नंबरचं नाव घेतलं, त्याच्या गावाचं कौतुक केलं. गोल अकरा नंबरचा होता. मी स्क्रीनवर गुपचूप बरोबर नाव टाकलं. एकाचाही फोन आला नाही.

मॅच संपल्यावर भाऊ वायर गुंडाळत बसले. मला म्हणाले, "दहा नव्हता ना?"

"अकरा होता. माझी चूक झाली, भाऊ."

"तुझी कशी? तू बघितलंस, चुकलीस. मी तर न बघताच बोललो." वायर त्यांनी नीट खोक्यात ठेवली. "फायनल तेवढी करतो. त्या दिवशी मला नंबर सांगू नको."

मी म्हटलं, "मग तुम्हाला दिसणार कसं?"

"जेवढं दिसंल तेवढं."

फायनलला ते जवळच्या बाजूचं सगळं बोलले. बॉल लांब गेला की म्हणायचे, "तिकडचं मला आता दिसत न्हाई मंडळी, पण लोक उभे राहिलेत, म्हणजे चांगलंच चाललं असंल." माझा कॅमेरा दोनदा हलला. शेठ काही बोलले नाहीत. एरवी ते सोडणारे नव्हेत.

*

सत्काराला मात्र शेठ बोलले. अर्धा तास झाला, चॅनलची स्थापना झाली, चिक्कीचा इतिहास झाला, भाऊ अजून भाषणात आलेच नव्हते. शाल मांडीवर घेऊन ते बसले होते.

शेवटी ते उठले आणि शेठच्या कानाशी गेले. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू आलं. "शेठ, इंज्युरी टाइमपण संपला."

*

गेल्या महिन्यात मी तिकोणा पेठेला त्यांच्याकडं गेले. दुपारची वेळ. दारातून "जय भीम, भाऊ" म्हटलं तर आतून मावशींचाच आवाज आला, "ये, बस. बोलू नको." मावशी म्हणजे भाऊंच्या मिसेस. त्यांनी जन्मात मॅच बघितलेली नव्हती. नवरा टीव्हीवर बोलत असायचा तेव्हा ह्या मळ्यात असायच्या.

टीव्हीवर परदेशातली कुठलीशी मॅच लागली होती, आवाज बंद करून. भाऊ डोळे मिटून खुर्चीत. मावशी टीव्हीच्या अगदी पुढ्यात, मांडीवर शेंगांचं सूप, शेंगा फोडत सांगत होत्या.

"निळ्यानं पांढऱ्याला पाडला."

"फाऊल कुणाचा दिला?"

"निळ्याचा. पण आदी पांढऱ्यानं त्याचा शर्ट वढला. मी बघितलं."

स्लो मोशनमध्ये परत दाखवलं. शर्ट ओढलेला होता. मी इतकी वर्षं कॅमेऱ्यामागं काढली, मला दिसला नव्हता.

भाऊंनी विचारलं, "आता कुणाकडं हाय?"

"त्या बारक्याकडं. दमलाय तो. मगापासनं एकटाच पळतोय, बाकीचे नुसते हात वर करत्यात." मावशींचा शेंगेवरचा हात थांबला. "गेला. जाळीत गेला."

"कुणी मारला?"

"नाव न्हाई ठावं. पण आई असंल त्याची तितं, लोकांच्यात. सगळी नाचत्यात आन ती एकटी तोंड झाकून खाली बसलीय."

भाऊंनी डोळे उघडले. टीव्हीकडं नाही, मावशींकडं बघितलं. मग मला म्हणाले, "सुरेखा, शेठना फोन लाव. माझ्या जागी कुणाला घेतलं का विचार."

"लाव," मावशी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "पण आदी ही मॅच संपू दे."