ओल्या फडक्याच्या भाकरी

उंब्रजच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते तेव्हाची ही गोष्ट. लढाईमुळे महागाई भडकली होती आणि पगार होता तिथेच होता. सकाळच्या भाकरीवर मी दिवस काढायचे. संध्याकाळी माझ्या खोलीच्या मालकीणबाई ताकाची लोटी आणून द्यायच्या. "भाकरीसंगं घ्या," म्हणायच्या. भाकरी नसायचीच. ते ताक हेच माझं रात्रीचं जेवण.

हे त्यांना कळून चालणार नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या शिंप्याला त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. "ज्याच्या घरात शिजत न्हाई, त्यो भाडं कुठनं देनार?" एवढंच म्हणाल्या होत्या. मी भाडं कधी थकवलं नव्हतं, पण तोवर त्या शिंप्यानेही थकवलं नव्हतं. शिवाय एकट्या विधवेला दुसरी खोली कोण देणार? हीच मिळवताना नाकी नऊ आले होते.

त्यांची चूल आणि माझी चूल यांत एकच भिंत. त्यांचं भाकरी थापणं मला ऐकू यायचं, म्हणजे माझंही त्यांना जाणारच. म्हणून रोज दिवेलागणीला मी धुरापुरत्या चार काटक्या पेटवायचे, काठवटीत ओल्या फडक्याची घडी ठेवायचे आणि दोन भाकरी थापायचे. मधे जरा थांबायचेही, कारण भाकरी तव्यावर टाकायला वेळ लागतो ना. हसू यायचं आणि लगेच स्वतःची चीडही यायची.

एका संध्याकाळी थापणं नुकतंच संपलं होतं, तोच मालकीणबाई दारात आल्या.

"आवं बाई, अवचित पाव्हणं आल्यात. भाकरी पुरंनात. तुमच्या दोन द्या, सकाळी चार देते."

फडकं अजून काठवटीतच होतं. मी चटकन उठून दारात आडवी उभी राहिले. संपल्या म्हणावं तर आत्ताच थापलेल्या. खरं सांगावं तर शिंपी आठवला.

"नाही द्यायच्या," मी म्हणाले. "मला लागतील."

भाकरीला नाही म्हणणारी बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "ऱ्हाऊ द्या," म्हणून त्या गेल्या. लाजेने माझे कान तापले. तरी खोली वाचली याचं समाधान होतं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फडकं थापलं, हात धुतले आणि ताकाची वाट पाहत बसले. भिंतीपलीकडे जेवणं उरकली, भांडी घासल्याचा आवाजही थांबला. लोटी आली नाही. पुढे कधीच आली नाही.