अर्ध्या कलिंगडाचं गिऱ्हाईक

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याच्याबद्दल मलाच सांगावं लागणार, कारण त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे कोरड्या विहिरीतून घागर भरायची. शाळा मी सातवीपर्यंत केली, त्याने नववीपर्यंत. पण बोलणं सगळं माझ्याच वाट्याला आलं.

बाजारात त्याला तराजू म्हणतात. कलिंगड ओळखावं तर त्याने. लोक टिचक्या मारतात, कान लावतात, डोळे मिटून घेतात, जसा काही आतून कोणी निरोप सांगणार आहे. तराजू टिचकी मारत नाही. सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत घेतो, थोडा वेळ तसाच उभा राहतो आणि हलकं खाली ठेवतो. जड ते रसाचं. मग ते उलटं करतो. जमिनीवर टेकलेला डाग लोण्यासारखा पिवळा पाहिजे. पांढरा असला तर घाईत तोडलंय. साल चकचकीत असली तरी कच्चं, पिकलेल्या फळाची चमक जाते. देठाजवळचा कुरळा दोरा वाळलेला पाहिजे. एवढंच. चौदा वर्षांत त्याचं एक फळ परत आलेलं नाही. एकदा एक आलं होतं, पण ते त्या माणसाने दिवसभर उन्हात ठेवलं होतं, ते मी धरत नाही.

हे सगळं मीच त्याला शिकवलं. म्हणजे दोन हातांत धरायचं त्याचं स्वतःचं, पण बाजारात पहिल्यांदा नेलं कोणी? मीच.

दुकान कोपऱ्यावर आहे. पुढे फळं, मागे पडदा, पडद्यामागे खोली. खोलीत एक खाट, एक ताट, भिंतीला लागून मोरी आणि एक खिडकी, तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. आई होती तोवर दोन ताटं होती. आईला जाऊन तीन वर्षं झाली. मी बायकोपोरांना घेऊन पुलापलीकडे राहतो. रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. वहिनी वाढते तेवढं खालमानेने खातो, स्वतःचं ताट स्वतः घासतो आणि जातो. माझी बायको म्हणते, "भावजी येऊन गेले हे फक्त ताटांच्या संख्येवरून कळतं."

माझा टेम्पो आहे. पहाटे त्याला घाऊक बाजारात नेतो, माल भरतो, दुकानात उतरवतो. त्यामुळे दुकानातलं मला सगळं माहीत असतं, असं मी समजत होतो.

दुकानासमोर चष्म्याचं दुकान आहे. तिथे एक बाई कामाला आहे. चाळिशीची असेल, एकटी राहते. काचा तपासायचं काम तिचं, त्यामुळे कुठलीही वस्तू उजेडाकडे धरून बघायची सवय. या उन्हाळ्यात रोज सकाळी ती यायची आणि तराजूकडून अर्धं कलिंगड न्यायची. त्यांच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या ठेवायचा छोटा फ्रिज आहे, त्यात दिवसभर ठेवून संध्याकाळी घरी घेऊन जायची.

आता अर्धं कलिंगड विकणं म्हणजे धंद्याच्या पायावर धोंडा. कापलेल्यावर माशा बसतात, दुसऱ्या दिवशी कोणी हात लावत नाही. दुसऱ्या कोणी अर्धं मागितलं तर तराजू नुसती मान हलवतो. हिच्यासाठी मात्र कापायचा. आणि कापायच्या आधी निवडायला पंधरा मिनिटं. हे उचल, ते ठेव. ती विचारायची, "हेच का? ते का नको?" आणि हा म्हणायचा, "बघतो." मी टेम्पोतून ओरडायचो, "अरे, कलिंगड निवडतोयस की सून?" तो कानामागे टाकायचा.

परवा त्याची दाढ ठणकायला लागली. मी म्हटलं, "जा दवाखान्यात, दुकान मी बघतो." तो निघाला आणि दहा मिनिटांत बाई आली.

"ते नाहीत?"

"दाढ काढायला गेलाय. मी त्याचा मोठा भाऊ. सांगा काय देऊ."

"असू दे, नंतर येते. ते नीट निवडून देतात."

आता हे ऐकून मी गप्प बसेन होय? म्हटलं, "बाई, त्याला कोणी शिकवलं ते विचारा." आणि सगळं सांगितलं. दोन हातांत धरायला लावलं, डाग दाखवला, साल, देठ. हुशार बाई. तिसऱ्या फळालाच बरोबर ओळखलं. मला अभिमान वाटला. मग मी म्हटलं, "आणि तुम्ही एकट्या, तर हे असं लहान घ्या. दोन किलोचं. गोडीत काही कमी नसतं, आणि एका माणसाला पुरतं. उगाच अर्ध्याच्या भानगडीत कशाला पडायचं? तुमच्यासाठी तो बिचारा कापतो, उरलेलं अर्धं त्याचं वाया जातं."

तिचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं. ते कधी बोलले नाहीत."

"तो कशाला बोलतोय."

तिने स्वतः एक लहान निवडलं, उजेडाकडे धरून डाग बघितला आणि घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलंत."

तराजू गालाला रुमाल धरून परत आला. मी मोठ्या खुशीत सगळं सांगितलं. तो ऐकत होता. दाढेमुळे बोलत नसेल असं मला वाटलं.

संध्याकाळी रिकामी खोकी न्यायला गेलो. आठ वाजले असतील. दुकान आवरलेलं, पडदा बाजूला. तो खाटेवर बसलेला, समोर ताट, ताटात चमचा. ताट रिकामं.

"जेवलास?"

"नाही."

"दाढ दुखते?"

"नाही."

मी बसलो. मग तोच म्हणाला, "दादा, लहान घ्या, हेही तूच सांगितलंस?"

"हो. का? बरोबरच आहे की."

"बरोबर आहे."

"मग?"

"तिचं दुकान साडेसातला बंद होतं. घरी जाऊन आठला जेवते, म्हणाली होती एकदा. कलिंगड आधी खाते, मग जेवण." तो चमचा ताटाच्या कडेला सरळ करत होता. "उरलेलं अर्धं मी ओल्या फडक्यात ठेवायचो. आठला खायचो."

मी म्हटलं, "वाया जात नव्हतं तर."

"नाही."

मी माफी मागणारा माणूस नाही, आणि जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण खोकी तशीच टाकून मी घरी आलो. बायकोने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, दाढ दुखते. ती म्हणाली, "त्यांची दाढ, आणि तोंड तुम्ही पाडून बसलात."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात तराजूने लहान ढिगाकडे बघितलंही नाही. सरळ मोठ्यांकडे गेला. सात-सात, आठ-आठ किलोची धुडं. आडत्या म्हणाला, "काय रे, दुकान टाकलंस की हत्ती पाळलास? एवढी हल्ली कोण नेतं? घरोघरी माणसं दोन." तराजू दोन्ही हातांत धरून बघत राहिला. दुकानात आल्यावर कालची उरलेली अकरा लहान फळं त्याने माझ्या टेम्पोत भरली. "पोरांना ने."

"अकरा?"

"शेजारी वाट."

पावणेनऊला ती येते. त्याच्या आधी तो मला म्हणाला, "दादा, आत बस. आणि बोलू नकोस." जन्मात त्याने मला हुकूम सोडला नव्हता. मी पडद्यामागे खाटेवर जाऊन बसलो.

बाई आली ती हसतच. "लालभडक निघालं. एका बैठकीत संपवलं. आज तसंच आणखी एक बघते."

"लहान नाहीत आज."

"अगंबाई. सगळी मोठीच दिसतात."

"अर्धं कापून देतो."

"नको नको. तुमचं अर्धं फुकट जातं, मोठे भाऊ म्हणाले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं."

"फुकट जात नाही."

"मग कोण नेतं?"

आता सांग. आता तरी सांग. मी दोन्ही हात तोंडावर दाबून बसलो होतो. बाहेर रस्त्यावरून एक बस गेली, पार लांब गेली. मग तो म्हणाला, "जातं."

"नको, खरंच नको," बाई म्हणाली. "चार सफरचंदं द्या."

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. त्याने एक सफरचंद उजव्या हातात घेतलं, एक डाव्या हातात. थोडा वेळ तसाच उभा राहिला. एक ठेवलं. दुसरं उचललं. ती पिशवी उघडी धरून उभी होती. म्हणाली, "सफरचंदाचंही तसंच असतं का?"

"बघतो," तो म्हणाला.

चार सफरचंदांना त्याने सोळा मिनिटं लावली.