आईसाठी रोज एक पान

एक जानेवारीला आमच्या कॅम्प चार वस्तीतल्या बुद्धविहारातून भीमा कोरेगावला बस जाते. परतीच्या वाटेवर प्रत्येकानं ड्रायव्हरजवळ उभं राहून माईकवर वर्षाचा संकल्प सांगायचा, ही शरदचंद्र सरांनी पाडलेली पद्धत. सर विहाराचं वाचनालय सांभाळायचे, भाषणं करायचे, वस्तीत त्यांना मान होता. कोणी दारू सोडायचं कबूल करी, कोणी कॉम्प्युटर शिकायचं. २००६ साली माझा मोठा भाऊ प्रमोददादा उठला. अंबरनाथ एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामाला, चार माणसांत तोंड न उघडणारा. म्हणाला, "मी रोज एक पान लिहिणार." कशावर ते सांगितलं नाही, कारण आई बसमध्येच होती.

आईवरच लिहायचं होतं. जयंतीपर्यंत पुरं करायचं आणि चौदा एप्रिलला स्टेजवरून, आई समोर असताना वाचायचं. आईला अक्षरओळख नाही. तिचं आयुष्य तिला ऐकवायचं, एवढीच त्याची हौस.

संकल्प करायला काय, फुकट असतो. पण दादा हट्टी. कामावरून आला की नखांतला पिवळा रंग तसाच, आणि जेवायच्या आधी लिहायला बसायचा. फेब्रुवारीत नाईट शिफ्ट लागली आणि गाडी अडली. मग सर स्वतः घरी आले. आई तेव्हा जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला गेलेली. चहा पिता पिता म्हणाले, "मूड यायची वाट बघू नकोस. कंपनीत जाताना मूड बघतोस का?" सल्ला खरा होता, आणि त्याचाच मला आजही राग येतो. दादा पुन्हा बसला. दर रविवारी वंदनेनंतर तो सरांना पानं वाचून दाखवायचा, आणि तपासायला म्हणून सर ती ठेवून घ्यायचे. "ते काशीचं सविस्तर लिही," असं त्यांनीच बजावलं.

काशी आमची सगळ्यात मोठी बहीण. बहात्तरच्या दुष्काळात आई नगरकडे खडी फोडायला जायची. तान्ह्या काशीला तिनं दगडांच्या ढिगाच्या सावलीत निजवलं होतं. ऊन फिरलं, सावली सरकली, मुकादमानं आईला उठू दिलं नाही. संध्याकाळी पोर तापानं गेली. आई हे घराबाहेर कधी बोलली नव्हती. दादानं लिहिलेलं मला वाचून दाखवलं तेव्हा मी ढसाढसा रडले.

चौदा एप्रिलला मांडव गच्च भरला. दादानं नवा शर्ट घातला, आईला पहिल्या रांगेत बसवलं. त्याचं नाव पुकारायच्या आधी सर माईकवर आले. "आज मी माझ्या आईबद्दल बोलणार आहे," म्हणाले, आणि दादाची पानंच्या पानं घडाघडा बोलू लागले. नगरच्या जागी सोलापूर, काशीच्या जागी दुसरं नाव. बाकी ढीग तोच, मुकादम तोच, सरकलेली सावली तीच. आमची मेलेली बहीणसुद्धा उचलली त्या माणसानं! मांडवात बायका रडायला लागल्या. दादाचं नाव कोणी पुकारलंच नाही.

मांडवामागे दादानं त्यांना गाठलं. मी सोबत होते.

"सर, ती माझी आई आहे."

"अरे, आपल्या समाजातल्या सगळ्या आयांचं हेच आहे. गोष्ट समाजाची. तू बोललास काय, मी बोललो काय! तुला स्टेजवर जमलं असतं का, सांग?" त्याच्या खांद्यावर थोपटून सर हार घालून घ्यायला गेले. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं, पण हा आमच्या घरचा चहा प्यायलेला माणूस.

"आईला आत्ताच्या आत्ता सांगू," मी म्हटलं. आई पदरानं डोळे पुसत बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "परमोद, त्या माउलीची पन पोर अशीच गेली रं. मला वाटायचं, मीच एकली करंटी, माझ्याच्यानंच पोर संभाळवली न्हाई." तिचा चेहरा इतका हलका झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. दादानं माझा हात घट्ट दाबला.

"मला तिला भेटायचंय. घेऊन चल."

"ती गेली, आई," दादा म्हणाला. सरांची आई तेव्हा बदलापूरला धाकट्या मुलाकडे चांगली धडधाकट होती.

त्यानंतर दादानं एक ओळ लिहिली नाही. पुढच्या एक जानेवारीला आईच्या हट्टाखातर आम्ही बसमध्ये बसलो. परतताना सरांनी हसत माईक दादापुढे धरला. "बोल प्रमोद, यंदा काय संकल्प?"

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मागच्या सीटवरून आईनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"सांग की लेका. गेल्या साली लिहिनार म्हनलास न् इसरलास. सरांनी त्यांच्या आईचं कसं मन लावून सांगितलं. तू बी लिही की कवातरी माझ्याबद्दल."