एका धोट्याचे दोघे

नायगावच्या चाळीतला आनंदा गिरणीत चिकटला तो रिंग खात्यात आणि निवृत्त झाला तोही रिंग खात्यातूनच. मधला जेमतेम एक महिना तेवढा वेगळा गेला.

रिंग खात्यात सूत निघायचं, साचेखात्यात साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड. साचेखात्यात पगार जवळजवळ दुप्पट, पण आनंदासारख्या महाराला तिथं थारा नव्हता. कापडात आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासानं दोरा ओढायचा, आणि पुढच्या पाळीचा विणकर त्याच धोट्याला तोंड लावायचा.

रामदास लालबागचा, साचेखात्यातला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात अश्रुधूर सुटला तेव्हा दोघांनी एकाच ओल्या पंच्यात तोंडं खुपसली होती. तेव्हापासूनची दोस्ती.

"आन्या, सरकारनं परळला विणकामाचा वर्ग काढलाय," रामदास म्हणाला. "पास झालास की साचा द्यायचा, असं गिरणीनं कबूल केलंय. आडवा कोण येतो ते मी बघतो."

आनंदा पाळी सुटली की वर्गाला जाऊ लागला. जादा पाळ्या सोडल्या. फीमाफी होती, ती बौद्ध झाल्यावर गेली. कारकून म्हणाला, "आता तुम्ही हिंदू नाही, म्हणजे मागासही नाही."

रखमा, त्याची बायको, ऐकून हसली. "देव सोडले म्हून दारिद्र्यबी सुटलं? मंग आपल्या घरात बसलंय ते कोन?" तिनं शेजारच्या बाप्यांचे डबे करायला घेतले आणि त्यावर फी भागवली.

आनंदा वर्गात पहिला आला. साचेखात्याच्या मास्तरनं त्याला दुसऱ्या पाळीला साचा दिला. त्याच साच्यावर पहिल्या पाळीला रामदास! आनंदाला वाटलं, आता कशाची भीती?

पहिल्याच दिवशी पाळी बदलताना रामदासनं त्याच्या हातात तारेचा बारीक हुक ठेवला.

"दोरा ह्यानं वढ. तोंड लावू नगंस. छातीत कापूस जातो. तुझ्या भल्याचं सांगतोय."

"आन् तू?"

"मला सवय हाय रे."

आनंदानं ते खरं मानलं. पण हुकानं दोरा लवकर सापडायचा नाही. बाजूचे साचे खडखडत असायचे आणि हा भोकात हुक फिरवत उभा. मजुरी तर विणलेल्या कापडावर. महिनाअखेरीस रिंग खात्यापेक्षाही कमी पगार हातात आला.

"आवो," रखमा म्हणाली, "शिकल्यावर पगार कमी व्हतो व्हय?"

मास्तरनं दोघांना साच्यापाशी बोलावलं. "वर्गात पहिला म्हणे, आणि हात एवढा जड? काय रे रामदास, तुझाच जोडीदार ना?"

आनंदानं रामदासकडे पाहिलं. हुक मी दिला, एवढंच त्यानं म्हणायचं होतं.

"काय सांगू मास्तर," रामदास म्हणाला. "फळ्यावरचं शिक्षण. हातात उतरत न्हाय."

आनंदानं धोटा उचलला, भोकाला तोंड लावलं, दोरा ओढला आणि साचा सुरू केला. बघता बघता कापड पुढं सरकू लागलं.

"हे आधी करायला काय झालं होतं तुला?" म्हणत मास्तर खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासनं तो धोटा फेकून दिला. नवा मिळेना, तसा तो हाताची घडी घालून उभा राहिला. त्याला बघून शेजारचे साचेही एकेक बंद पडले. दुपारी आनंदा कामावर आला तर मास्तर दारातच उभा. "तुझ्या शिक्षणात खोट नाही बाबा. पण मला खातं चालवायचंय. जा, आपल्या खात्यात जा."

पाळी सुटून रामदास फाटकापाशी थांबला होता. आनंदाचा दंड धरून म्हणाला, "राग धरू नगंस. माझ्या मनात काय न्हाय. पर लोक हायेत ना रे. लोकांम्होरं काय करनार?"

आनंदानं दंड सोडवून घेतला.

"लोकांवर ढकलू नगंस, रामदास. हुक दिलास तवा साच्यापाशी आपुन दोघंच व्हतो."