माता बैठकीतले बुधाआजा

शहापूरला मीटिंगला जमलो की आमचे रिपोर्ट पटकन उरकतात, किस्से काही उरकत नाहीत! मी उंबरमाळीच्या पलीकडच्या पाड्यावर अंगणवाडी सेविका. दिवाळी झाली की आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि बरीच लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात. मग काय, रोज नवा किस्सा!

०

माता बैठकीला बुधाआजा येऊन बसले. मांडीवर नात, सोनी. बायका पदराआड हसायला लागल्या. मी म्हटलं, "आजा, ही मातांची बैठक हाय."

"मंग मी कोन? दिसभर हिचं नाक मीच पुसतो ना!"

तेव्हापासून पुढची चटई त्यांची!

०

सोनी अंडं खाईना. म्हणे, आमच्या कोंबडीचं पिल्लू आहे ते!

आजा म्हणाले, "ह्ये आटगावच्या दुकानातलं. आपली कोंबडी कदी आटगावला गेली का?"

सोनीनं विचार केला आणि तोंड उघडलं.

०

लसीच्या दिवशी नातवाला घेऊन आलेल्या जनीआजीला भट्टीवरून मुलाचा फोन. "पोराला सुई नको गो, ताप येतो."

"ताप आला तं जागनार कोन, तू का मी? ठेव फोन!" मग नर्सबाईंकडे वळून म्हणाली, "टोचा!"

०

मध्येच सोनीचं वजन घसरलं. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवायला सांगितलं. वॉर्डात सगळ्या आया, त्यात आजा एकटे! पहिल्या दिवशी बायका अवघडल्या. नंतर आंघोळीला जाताना आपापली पोरं त्यांच्याच हवाली करायला लागल्या. सोनी खाऊन-पिऊन गुटगुटीत होऊन घरी आली.

०

होळीला सगळे परतले. आईनं हात पुढे केले तशी सोनी किंचाळून आजांच्या पायांना चिकटली. आई दारातच रडत बसली.

दुसऱ्या दिवशी आजा अंगणवाडीत आले आणि धान्याच्या कोठीमागे लपले.

"काय झालं, आजा?"

"गप ऱ्हा गो. मी घरात असलो तं ती आईकडं जायाची नाय."

बाहेर सोनी शोधत फिरत होती. "आजाऽ! आजाऽ!" आजांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. मला राहवेना, मी उठले. त्यांनी डोळ्यांनीच दटावून खाली बसवलं.

हाकांचं रडणं झालं. मग तेही थांबलं. मी खिडकीतून पाहिलं. सोनी आईच्या कडेवर, तोंड तिच्या खांद्यात खुपसलेलं.

"गेली, आजा!"

आजांनी डोळे पुसले. "बाई, खिचडी उरलीय का गो? सकालपासून काय खाल्लं नाय."