एकदाच वाजणारी झांज

मी इंटरची परीक्षा देऊन मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. कॉलेज घाटावर, घर मालवणपासून दीड कोसावर. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सुट्टीत माझं काय करायचं हे कोणाला नीट कळत नसे. वडील होडीवर नेत नसत, कारण हात खराब झाले तर लिहिणार कसा, असं त्यांना वाटे. आई मासळी घेऊन मालवणच्या बाजारात जाई, तिच्या टोपलीला हात लावलेलाही तिला चालत नसे. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसे आणि येणारा-जाणारा विचारी, "वाचून झाला नाय रे अजून?"

एक दिवस आई बाजारातून आली आणि पाय धुता धुता म्हणाली, "मास्तरांका तुझे कान होये आसत."

मास्तर म्हणजे बाजारपेठेमागे राहणारे एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ. उमेदीच्या काळात ते मुंबईला एका हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवत. बायको गेल्यावर परत येऊन एकटेच राहत होते. सुरमई घ्यायची तर आईकडूनच, असा त्यांचा नेम होता.

"माझे कान? ते कशाला?"

"माका काय म्हायत. तुझो झील शिकता मां, म्हणान इचारल्यानी. मगे म्हणतत, तेचे कान बरे आसत? मी सांगलंय, कान बरे आसत, आयकणां तेवढां बरां नाय."

दुसऱ्या दिवशी आईबरोबर गेलो. मास्तरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेवर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे सरळ करून लिहितो, कारण ते मागे-पुढे करत सांगत होते.

हॉटेलातल्या नोकरीशिवाय मास्तर मुंबईत एका हौशी वाद्यवृंदातही वाजवत. पन्नास-साठ माणसं, व्हायोलिनपासून तुताऱ्यांपर्यंत सगळं. एकदा वृंदाचं संचालन करायला एक पाहुणे साहेब परदेशातून आले आणि त्यांनी एक मोठी सिंफनी बसवली. गेल्या शतकाच्या अखेरीकडची, तासाहून लांब. तिचे चार भाग, त्यातला दुसरा भाग अगदी संथ. मास्तरांकडे झांज होती. त्या सबंध सिंफनीत झांज फक्त एकदा वाजायची, दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे, जिथे सगळी वाद्यं चढत चढत माथ्यावर पोचतात तिथे. बाकी सगळा वेळ मास्तरांनी झांज मांडीवर घेऊन बसायचं.

तालमीत साहेबांनी ती जागा आल्यावर हात आडवा केला. वाजवू नका. मास्तरांच्या समोरच्या कागदावर तर झांज लिहिलेली होती. पण साहेबांना विचारणार कोण? कार्यक्रमाच्या दिवशी सगळा वृंद त्या माथ्यावर आला आणि मास्तरांचे हात उठले. झांज वाजली. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यानंतर त्या वृंदाकडून मास्तरांना कधी बोलावणं आलं नाही.

"इतकी वर्सां झाली," मास्तर म्हणाले, "मी चुकलंय काय नाय, तेवढांच माका कळाक होयां आसा."

त्यांचा भाचा बोटीवर स्टुअर्ड होता. त्याने युरोपातल्या कुठल्याशा बंदरातून त्याच सिंफनीच्या दोन नव्या रेकॉर्डी आणून मुंबईच्या बोटीने मालवणला धाडल्या होत्या. दोन वेगळे वृंद, दोन वेगळे साहेब. प्रत्येक संचात दोन मोठ्या काळ्या तबकड्या. बाजारपेठेत वीज येऊन वर्ष-दोन वर्षंच झाली होती आणि भाच्यानेच आधी एक रेकॉर्ड प्लेयरही दिला होता. सगळं होतं, पण मास्तरांच्या कानांतून वरचे आवाज गेले होते. माणसाचं बोलणं कळे. संगीताचा चढ कळे. पण माथ्यावर पोचलं की सगळं एक होऊन जाई आणि त्यात झांज आहे की नाही ते त्यांना उमजत नसे.

"म्हणान तुझे कान होये. शिकलेलो आसस, खोटां सांगूचस नाय."

मी असलं संगीत कधी ऐकलं नव्हतं. कॉलेजात मुलं गाण्यांवर बोलत तेव्हासुद्धा मी गप्प बसे. पण नाही म्हणायला धीर लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

त्यांनी पहिला संच लावला. पहिला भाग सोडून थेट दुसरा. सुरुवातीला काहीतरी जड आणि खोल आवाजात वाद्यं बोलू लागली. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण तसं झालं नाही. एक सूर थांबला असं वाटे आणि त्याच्याखालून दुसरा निघालेला असे. मी कुतूहलाने वाट बघू लागलो की हे जातंय कुठे. मास्तर प्लेयरच्या लाकडावर तळहात ठेवून बसले होते. बऱ्याच वेळाने वाद्यं चढू लागली. एक पायरी, थांबा, पुन्हा तोच सूर वरून. मास्तरांनी एक बोट वर केलं. प्रचंड मोठा आवाज झाला आणि मग सगळं हळूहळू खाली आलं.

"आयकलंस?"

मी झांज शोधत होतो. आमच्या देवळातल्या भजनात काका वाजवतात ती. छन छन असा तिचा चकचकीत आवाज मला लहानपणापासून पाठ होता, शंभर माणसांतूनही तो ऐकू येतो. तसं काही वाजलं नव्हतं.

"नाय," मी म्हणालो.

मास्तरांनी दुसरा संच लावला. तोच संथ भाग, पण हे साहेब जरा पुढे पुढे जाणारे होते. पहिल्या साहेबांना जिथे थांबावंसं वाटे तिथे हे नुसतं वळून बघत आणि निघत. एकच लिहिलेलं संगीत दोन माणसं इतकं वेगळं वाजवू शकतात याचं मला नवल वाटलं. बोट वर झालं. माथा आला. झांज नाही.

"हेच्यातय नाय," मी म्हणालो.

मास्तरांनी तबकड्या पुसून पाकिटांत घातल्या. "म्हणजे साहेब बरोबर होते," ते म्हणाले. मग मला कोकमाचं सरबत दिलं आणि कॉलेजात काय शिकवतात ते विचारलं. उत्तर त्यांनी ऐकलं नाही.

घरी जेवताना मी ही हकिकत सांगितली. वडिलांचा घास हातातच राहिला.

"तासभर बसान येकच टाळी? आमच्या भजनात आसतो तर बुवान उठवून घातलो आसतो."

"आणि ती टाळीय चुकीची," आई म्हणाली. "गरीब माणूस. उद्या तेंका बांगडे देतंय."

काका शेजारी बसले होते. झांज म्हटल्यावर त्यांना वाटत होतं की या विषयात आपलं मत असायला हवं. त्यांनी विचारलं, "झांज केवढी होती रे तेंची?"

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. काकांनी मान हलवली. "झांज म्हायत नाय आणि नाय वाजली म्हणान सांगून इलंस?"

ते थट्टेनेच बोलले, पण माझं जेवण तिथेच संपलं. परीक्षेत न समजता उत्तर दिलं तर आपले गुण जातात. इथे मी एका माणसाला तो चुकला होता असं सांगून आलो होतो.

सकाळी आईच्या आधी मीच निघालो. मास्तर दारातच होते.

"मास्तर, तुमची झांज केवढी होती?"

ते आत गेले, खाटेखालची पेटी ओढली आणि कापडात गुंडाळलेल्या दोन पितळी चकत्या बाहेर काढल्या. प्रत्येक आमच्या घरच्या भाकरीच्या परातीएवढी. मी बघतच राहिलो. त्यांनी पट्ट्यांत हात घातले, पाय जरा फाकवले आणि एकदा वाजवली.

तो आवाज छन नव्हता. मोठी लाट खडकावर फुटावी आणि तिचं पाणी बराच वेळ खाली ओघळत राहावं तसा होता. अंगणातल्या कोंबड्या माडाच्या आळ्यापलीकडे पळाल्या. शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारलं, "मास्तर, काय पडलां ओ?"

"पडाक नाय गो, वाजलां," मास्तर म्हणाले.

आणि मला आठवलं. "मास्तर, ह्यां मी काल आयकलंय. पैल्या रेकॉर्डीत आसा ह्यां."

त्यांनी झांज खाली ठेवली. आम्ही पहिला संच पुन्हा लावला. बोट वर झालं आणि माथ्यावर ती लाट फुटली, अगदी स्वच्छ. मी मास्तरांकडे पाहून मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसरा संच लावला तेव्हा मी दोन्ही हात कानांमागे धरले. लाट नव्हती. नुसती वाद्यं माथ्यावर पोचली, थोडी थांबली आणि उतरली. मी सुई उचलून ती जागा पुन्हा ऐकली. नव्हतीच.

"येकात आसा, येकात नाय," मी म्हणालो.

मास्तरांनी विचारलं, "तुका खंयची बरी वाटली?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. मला काय वाटतं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि आता जे वाटत होतं ते सांगणं कठीण होतं. पण आदल्या दिवशीचं उत्तर अजून डोक्यावर होतं.

"माका... दुसरी," मी म्हणालो. "पैल्यात झांज वाजली आणि माका वाटला, पोचलंव. दुसऱ्यात वाजाक नाय, तर मी अजून वरच आसंय असा वाटला. पण माका ह्यातला काय कळना नाय, मास्तर."

"कळता तां," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, तरी ते रागावले नव्हते.

दुसऱ्या संचाबरोबर एक पातळ पुस्तिका होती. मास्तर इंग्रजी बोलत, पण बारीक छापील इंग्रजीशी त्यांचं जमत नसे. "वायच बघ, तेच्यात झांजेचां काय लिवलां आसा काय," त्यांनी म्हटलं. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेलो. तिसऱ्या पानावर ती जागा सापडली. मी वाचली, परत वाचली आणि मग त्यांना सांगू लागलो. संगीतकाराच्या हस्तलिखितात झांज मुळात नव्हती. मग एका वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहून ती मागाहून चिकटवली. आणि त्या पट्टीवर पुढे कोणीतरी पेन्सिलीने, झांज नको अशा अर्थाचे, दोन शब्द लिहिले. ते कोणी लिहिले याची खात्री नाही. म्हणून कोणी साहेब झांज ठेवतात, कोणी काढतात.

मास्तर पुढे वाकले होते. "म्हणजे कागद दोन होते."

"होय."

"साहेबाचो एक, माझो एक."

"तसांच दिसता."

"तेणी तेवढां सांगूक होयां होतां," ते म्हणाले. "बाबा, कागद दोन आसत, मी ह्यो धरतंय. मी गप बसलंय आसतंय. बसाची माका सवय होती."

मग त्यांनी कपाटातून एक वही आणली. त्यात वाजवलेल्या कार्यक्रमांची नावं होती, त्यांच्या वळणदार रोमन अक्षरांत. शेवटी कोरं पान काढून म्हणाले, "ह्यां मराठीत लिवन दी. मी वाचीन."

मी लिहायला बसलो. इतकं सांभाळून मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं. त्या दोन पेन्सिलीच्या शब्दांपाशी आल्यावर मी लिहिलं, 'पट्टीवर पेन्सिलीने "चूक" असे लिहिलेले आहे.' वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी एकेक अक्षर ओठांनी उच्चारत वाचलं आणि त्या शब्दावर थांबले.

"पुस्तकात चूक म्हणान लिवलां आसा?"

मी पुस्तिका पुन्हा उघडली. तसं नव्हतं. मी घाईत सोपा शब्द घातला होता. मी त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ मनाशी पुन्हा लावून पाहिला.

"नाय मास्तर. लागू नाही, असा आसा."

"फॉर्मार लिवतत तसा?"

"तसाच."

"मगे तां लिव," ते म्हणाले, "आणि तां दुसरां खोड. नीट खोड, वाचाक येता नये."

मी 'चूक' वर आडवी रेघ मारली. त्यांनी बघितलं, बोटाने दाखवलं, आणि मी आणखी दोनदा मारली. मग त्यावर स्वच्छ अक्षरांत 'लागू नाही' लिहून वही परत दिली.